'डुक्कर फियाट'चे दार : आधी बिजागरी, मग पत्रा

पुणे - बुधवार पेठेत मोटार उभी करण्यास जागा मिळणे हेच भाग्य. तेथे साठ-सत्तर वर्षांची मोटार राखायची, तर पहिला मार बसतो तो दाराला. शेजारून घासून जाणाऱ्या दुचाकी आणि पावसाचे आत उतरणारे पाणी, दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात. इंजिनाचे सुटे भाग एकवेळ दुसऱ्या मोटारीचे चालतात. दार मात्र वर्षानुवर्षे त्याच चौकटीत मुरलेले असते. म्हणून दुसरे दार आणण्यापेक्षा मूळ दार दुरुस्त करणेच श्रेयस्कर.

'डुक्कर फियाट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारीचे उदाहरण घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ची जुळणी सुरू केली. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असतात. दार पुढच्या बाजूने उघडते. आजच्या मोटारीचे दार धावताना सुटले, तर वाराच ते दाबून धरतो. या फियाटमध्ये तोच वारा दार मागे भिरकावतो. १९६४ च्या 'डिलाइट'मध्ये ही रचना राहिली नाही. तेव्हा रंगरूपाआधी कुलूप आणि बिजागरी पाहावी, हे येथे केवळ सौंदर्याचे प्रकरण नाही.

दार उघडून मोकळी कड हाताने वर उचलावी. खटखट जाणवली, तर बिजागरीची पिन वा बुश झिजले आहे. ते लेथवर नवे करून घेता येतात. दार उतरवण्यापूर्वी चारही बाजूंच्या फटींची मापे आणि छायाचित्रे घ्यावीत. हा कंटाळा पुढे फार महाग पडतो.

गंज बाहेरून लागतो, हा सार्वत्रिक गैरसमज. काचेलगतचे रबर झिजले, की पाणी दाराच्या पोटात उतरते. तळाशी ते निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती धुळीने बुजतात आणि पत्रा आतून कुजू लागतो. रंगावर फोड दिसतो, तेव्हा पत्रा बहुधा आरपार गेलेला असतो. पूर्वीच्या दुरुस्तीत पुट्टी थापली असेल, तर लोहचुंबक फिरवून पाहावे. पुट्टीच्या जाड थरावर ते धरत नाही. गंजावर पुट्टी म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी. आपल्याकडील 'डेंटिंग-पेंटिंग'ने जुन्या मोटारींचे जेवढे नुकसान केले, तेवढे पावसानेही केले नसेल.

कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा हाताने घडवावा लागतो. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पत्रा वाकतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर टाके देत, मध्ये थांबत जावे. नंतर मागे लोखंडी ठोकळा धरून हातोडीने सपाटी आणावी. शेजारच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्यांना हे तत्त्व उमजेल: प्रत्येक ठोक्यागणिक धातू ताणला जातो आणि कडक होतो. फरक इतकाच, की भांड्यावर ठोके मिरवायचे असतात, दारावर ते दिसता कामा नयेत.

बाहेरील पत्र्याची कड आतल्या सांगाड्यावर दुमडलेली असते. दुमडण्यापूर्वी तेथे गंजरोधक प्रायमर लावावा. नंतर ब्रश पोहोचत नाही. रंगापूर्वी दार नव्या रबरासह एकदा मोटारीवर बसवून पाहावे. नवे रबर दबलेल्या जुन्यापेक्षा जाड असल्याने दार अनेकदा लागतच नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक मोटारींच्या दारांत लाकडी सांगाडा असतो. त्याचे सांधे सैल झाले, की दार लोंबते. तेथे पत्रेवाल्याआधी सुतार लागतो.

साहित्यासाठी पेठेतील माणसाला फार हिंडावे लागत नाही. स्क्रू व किरकोळ लोखंडी सामान रविवार पेठेच्या बोहरी आळीत, मोटारींचे सुटे भाग नाना पेठेत. जुनी मूठ वा काच फिरवण्याचा दांडा हवा असेल, तर जुन्या बाजारात नशीब आजमावावे.

दाराची दिशा बदलून घेण्याचा मोह काहींना होतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या मोटारीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. मात्र ती मूळ रूपात हवी आणि चासिस, बॉडी शेल वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. बिजागरीसाठी खांब कापला, तर या अटीवरच बोट ठेवले जाऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरणास ५,००० रुपये आहेत. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वा इंधन भरण्यासाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास परवानगी नाही.