दिल्लीचं बिऱ्हाड दौलताबादेत

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचं बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही. घर बदलायचं ठरलं की खोकी जमवायची, काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची, टेम्पो ठरवायचा, गॅसचा आणि रेशनकार्डाचा पत्ता बदलायचा. नव्या घरात शिरल्यावर कुणी दूध उतू घालतं, आमच्याकडे आधी कुराणशरीफ आत नेतात. एवढं सगळं करूनही पहिले आठ दिवस अंधारात दिव्याचं बटण हाताला लागत नाही आणि नळाला पाणी कधी येतं ते शेजाऱ्यालाच विचारावं लागतं. एका कुटुंबाचं हे असं होतं, तर अख्ख्या शहरानं घर बदलायचं ठरवलं तर काय होत असेल?

अशा एका स्थलांतराची आठवण मराठी भाषेनं जपून ठेवली आहे. वरून एखादा लहरी हुकूम आला की आपण 'तुघलकी कारभार' म्हणतो आणि मोकळे होतो. गिरीश कार्नाडांनी १९६४ साली या सुलतानावर कानडीत नाटक लिहिलं, विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं. पण ते नाटक सुलतानाचं आहे. मला बोलायचंय ते सामान बांधून निघालेल्या माणसांविषयी. कारण ती जिथे पोचली ती जागा आपल्या महाराष्ट्रात आहे, आणि त्यांतली कितीतरी माणसं परत गेलीच नाहीत.

गोष्ट १३२७ सालची. मुहम्मद बिन तुघलक गादीवर येऊन दोनच वर्षं झाली होती. यादवांची देवगिरी १३१८ साली दिल्लीच्या राज्यात कायमची जोडली गेली होती. राज्य दक्षिणेकडे पसरलं, पण राजधानी उत्तरेच्या टोकाला. दक्षिणेत बंड झालं की खबर दिल्लीला पोचायची, मग फौज निघायची, तोवर महिने उलटायचे. तेव्हा राज्याच्या मध्यावर दुसरी राजधानी असावी, हा विचार काही वेड्याचा नव्हता. देवगिरीचा किल्ला तर असा की तासलेल्या कड्यावर मुंगीलाही पाय रोवता येऊ नये. सुलतानानं तिचं नाव ठेवलं दौलताबाद, आणि दिल्लीच्या मातब्बर मंडळींना तिकडे निघायचा हुकूम दिला. आधी सुलतानाची आई आणि राजघराण्याचा कुटुंबकबिला गेला. मग अमीर-उमराव, आलिम, सूफी यांची पाळी आली.

आता तयारी पाहा. वाटेत जागोजाग मुक्कामाची ठाणी उभारली. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३४ साली दिल्लीत आला. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट त्यानं वर्णिली आहे. दुतर्फा झाडं होती आणि चालणाऱ्याला बागेतून चालल्यासारखं वाटे, असं तो सांगतो. लोकांची दिल्लीतली घरं सरकारनं विकत घेतली, असंही तो नोंदवतो. झियाउद्दीन बरनी हा इतिहासकार सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षं होता. सुलतानावर त्याचा राग कमी नाही. पण निघताना आणि पोचल्यावर सुलतानानं लोकांना सढळ हातानं दिलं, हे तोही मान्य करतो.

म्हणजे रस्ता होता, सावली होती, पैसा होता. मग बिघडलं कुठे?

त्याचं उत्तर एका घरात सापडतं. इसामी नावाचा कवी या प्रवासाच्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्याच्या आजोबांचं वय नव्वद. घराबाहेर पडणंही त्यांनी जवळजवळ सोडलेलं. त्यांनाही घरातून काढून काफिल्यात घातलं गेलं. दिल्लीबाहेर तिलपत नावाचं गाव आहे, तिथे पहिलाच मुक्काम पडला. आजोबांनी तिथेच जीव सोडला. चाळीस दिवसांच्या वाटेतला त्यांचा तो पहिलाच टप्पा. नातू पुढे निघाला. इसामीनं पुढे १३५० च्या सुमारास दौलताबादेत बसून 'फुतूह-उस-सलातीन' हे फारसी महाकाव्य पुरं केलं, त्यात सुलतानाला शिव्याशाप देताना त्यानं हात आखडता घेतलेला नाही. इतिहासकार सांगतात की इसामीचं सगळंच खरं मानू नये, रागानं लिहिलेलं आहे. बरोबर आहे. पण सोळा वर्षांच्या मुलानं आजोबांना वाटेत पुरलं असेल, तर त्याचा राग हाही इतिहासाचाच कागद मानायला हवा.

आपण घर बदलतो तेव्हाही हेच होतं. कपाट कसं उतरवायचं याची चर्चा तासभर चालते. म्हातारी आई त्या दिवशी कुठे बसेल, तिचं औषध कोणत्या पिशवीत आहे, नव्या घरातला संडास तिला जमेल का, हे कुणी विचारत नाही. जुन्या झाडाला मुळं खोल असतात. ते हलवायचं तर आधी भोवतीची माती सैल करावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. सुलतानाकडे सगळं होतं, वेळ तेवढा नव्हता.

दुसरी गोष्ट पाण्याची. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणलं जाई, असं इब्न बतूता लिहितो. मला ही नोंद फार बोलकी वाटते. हुकूम देणाऱ्याचीही जीभ जुन्याच पाण्याला सरावलेली होती. त्यानं पाणी मागवलं. ज्यांना ते मागवता येत नव्हतं त्यांनी देवगिरीचं पाणी प्यायलं आणि बाधलं तरी सोसलं. बरनी म्हणतो की दिल्लीची ती सुखवस्तू माणसं परमुलुखाचा ताप सोसू शकली नाहीत आणि देवगिरीभोवती कबरस्तानं वाढत गेली. म्हणून जाणती माणसं सांगतात की नवी जागा बघायला गेलात तर खिडक्या नंतर बघा, आधी पाणी बघा. आणि सामान चढवताना सर्वांत आधी लागणाऱ्या वस्तू सर्वांत शेवटी चढवा. पिण्याच्या पाण्याचं भांडं, चूल, अंथरूण, औषध. पोचल्यावर तीच आधी उतरायला हवीत.

या स्थलांतराभोवती दंतकथाही पुष्कळ साठल्या. दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही, असं बरनी लिहितो. एका आंधळ्याला फरफटत आणलं आणि दौलताबादेत त्याचा फक्त पाय पोचला, असं इब्न बतूता सांगतो. पण तो दिल्लीत आला सात वर्षांनी, त्याच्या कानावर आलं ते लोकांच्या तोंडून. दिल्लीच्या परिसरात १३२७ आणि १३२८ सालचे दोन संस्कृत शिलालेख सापडले आहेत. त्यांवरून दिसतं की तिथली हिंदू व्यापारी घराणी त्याच काळात सुखानं नांदत होती. दिल्ली सबंध ओस पडली नव्हती. हललं ते मुख्यतः दरबारी, विद्वान, सूफी आणि त्यांच्यावर पोट असलेलं माणूस. दुःख त्यामुळे खोटं ठरत नाही, पण ते नेमकं कोणाचं होतं ते कळतं.

काही वर्षांतच, १३३५ च्या आसपास, सुलतानानं परत जायची मुभा दिली. पुष्कळ लोक परतले. पुन्हा सामान बांधलं, पुन्हा तीच वाट. पण सगळे गेले नाहीत. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्यानं निघालं की दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढायचा, वर खुलदाबाद लागतं. तिथे बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. म्हातारपणी इकडे आले आणि १३३७ साली इथेच वारले. त्यांच्या नावातला 'गरीब' हा शब्द बघा. मराठीत आपण तो पैसा नसलेल्या माणसाला लावतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ परका, घरापासून दूर असलेला. पुढे तापीकाठी वसलेल्या बुरहानपूरला त्यांचंच नाव मिळालं. ज्याची ओळखच 'परका' अशी, त्याच्या नावानं एक गाव वसावं, याहून स्थिरावणं वेगळं काय असतं?

त्याच खुलदाबादेत अमीर हसन सिजझी हा कवी निजला आहे. अमीर खुसरोचा मित्र. निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतली संभाषणं त्यानं 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथात टिपून ठेवली. दिल्लीतलं इतकं काही पाठीवर घेऊन आलेला हा माणूस शेवटी सह्याद्रीच्या एका फाट्यावर विसावला. कवीला हे बरं असतं. त्याच्या सामानातलं सर्वांत मोलाचं सामान कुठल्याही गाडीत मावतं आणि वाटेत फुटत नाही.

आणखी एकाची कथा सांगण्यासारखी आहे. ख्वाजा बंदानवाज गेसूदराज हे सहा-सात वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर दौलताबादला आले. वडील इथेच गेले, त्यांची कबर खुलदाबादला आहे. मुलगा आईबरोबर दिल्लीला परतला, शिकला, मोठा झाला. १३९८ साली तैमूर दिल्लीवर चालून आला, तेव्हा वयाच्या सत्तरीनंतर गेसूदराज पुन्हा बाहेर पडले आणि दक्खनेत आले. गुलबर्ग्यात राहिले, १४२२ साली तिथेच वारले. पहिल्यांदा आले ते हुकमानं, दुसऱ्यांदा जीव वाचवायला. पण दुसऱ्या खेपेला ते अनोळखी मुलखात आले नव्हते. त्यांच्या वडिलांची माती आधीच इथल्या मातीत मिसळलेली होती.

राजकारणाचं म्हणाल तर सुलतानाचा डाव पुरता उलटला. दक्खन हातात राहावी म्हणून त्यानं उत्तरेची माणसं इथे आणली. त्याच दक्खनेतल्या सरदारांनी वीस वर्षांत बंड केलं आणि १३४७ साली दौलताबादेतच बहमनी राज्य उभं राहिलं. इसामीनं आपलं महाकाव्य अर्पण केलं ते या राज्याच्या पहिल्या सुलतानाला. आजोबांसाठी रडणारा दिल्लीचा मुलगा तोवर दक्खनचा झाला होता. माणसाला एखाद्या जागी नेऊन ठेवता येतं. पुढे त्याची निष्ठा कुठे रुजेल ते मात्र जागा ठरवते आणि शेजार ठरवतो.

शेजाराचं मी मुद्दाम म्हणतो. देवगिरी काही रिकामी जागा नव्हती. ज्ञानेश्वरीत ज्या रामचंद्र यादवाचा उल्लेख येतो, त्याची ती राजधानी. बाजारात मराठी बोललं जात होतं. १२९६ पासून फौजा पाहिलेल्या त्या लोकांना ही नवी माणसं जेत्यांचीच वाटली असणार, यात नवल नाही. पण भाजी घ्यायची तर बोलावं लागतं. घोड्याला नाल मारायचा, भिंत लिंपून घ्यायची, आजारी पोराला काढा द्यायचा, तर शेजाऱ्याची भाषा लागते. दिल्लीहून आलेल्या बोलीनं इथे नवा जन्म घेतला, तिला आपण दखनी म्हणतो. आमच्या घरात अजून तीच चालते. कुणी काही पुढे केलं आणि नको असलं, तर आम्ही 'नक्को' म्हणतो. दिल्लीच्या उर्दूत हा शब्द मिळणार नाही, तो तुमच्या-आमच्या मराठीतल्या 'नको'चा आहे. 'मैंच आया', 'वहींच रखा', यातला तो ठासून बोलणारा 'च' तर सरळ मराठीतून उचललेला. मला लोक विचारतात, तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता? मी म्हणतो, आमच्या बोलीनं सहाशे-सातशे वर्षांपूर्वी शेजाऱ्याकडून विरजण आणलं, त्याचं दही आता कुठे ताटात वाढतोय.

आणि हे एकाच बाजूनं झालं नाही. पुढे दोनशे वर्षांनी याच दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी कारभार पाहत होते, आणि पैठणचा एकनाथ शिकायला त्यांच्याकडे आला होता. त्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघे कडाकडा भांडतात, एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढतात आणि शेवटी समेटावर येतात. परक्याशी माणूस भांडत बसत नाही, त्याला टाळतो. भांडण करायला शेजारपण लागतं.

आज नोकरीमुळे, धरणामुळे, दंगलीमुळे, इमारतीच्या पुनर्विकासामुळे माणसं घरं बदलत आहेत. काही आपखुशीनं, बरीच नाइलाजानं. ज्यांच्या हातात हुकूम आहे त्यांना दौलताबाद एवढंच सांगेल की रस्ता, सावली आणि मोबदला हे सगळं द्याच, पण लोकांना वेळ द्या, पाणी द्या, आणि नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय उचलू नका. ज्यांना घर बदलावं लागतंय त्यांना खुलदाबाद सांगेल की खोकी सोडायला महिना लागला तरी चालेल, पण पहिल्याच दिवशी शेजारच्या दाराची कडी वाजवा. विरजण मागायला म्हणून वाजवा. शेजारी नवीन आला असेल तर त्याची वाट न बघता वाटी घेऊन आपणच जा. त्याच्या बोलीतला एखादा 'नको' आपल्या घरात राहायला येईल, आपला एखादा शब्द त्याच्याकडे जाईल. टेम्पोवाल्याचं भाडं चुकतं केलं म्हणून घर बदलून होत नाही, त्याला असा थोडा काळ जावा लागतो.