न शिकलेला डोळा

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं मागच्या वर्षीच झालं होतं. तेव्हा पट्टी काढल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक तिथीसुद्धा वाचता आली होती. यावेळी उजेड लख्ख दिसला, अक्षरं मात्र धूसर ती धूसरच. डॉक्टरीणबाईंनी आधी कल्पना दिली होती, पण मी ती मनावर घेतली नव्हती. त्या म्हणाल्या, "सर, भिंग छान बसलंय. पण हा डोळा लहानपणी बघायला शिकलाच नाही. आळशी डोळा म्हणतात याला."

डोळा शिकतो? जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे हा प्रश्न पहिल्यांदा कुणाला पडला ते शोधत बसलो.

१६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉकना पत्र लिहिलं. मॉलिनोंच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती. त्यांनी विचारलं, जन्मांध माणूस घन आणि गोल हाताने चाचपून ओळखतो. उद्या त्याला दिसू लागलं, तर नुसतं बघून कुठला कोणता ते सांगता येईल का? दोघांचंही उत्तर होतं, नाही. लॉकने हा प्रश्न १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला.

१७२८ साली लंडनचे शल्यविशारद चेसल्डन यांनी एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळे अगदी लहानपणापासून तो आंधळा होता. ऑपरेशननंतर त्याला वाटे, सगळ्या वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्याच आहेत. कुत्रा कुठला, मांजर कुठलं हेही कळेना. शेवटी त्याने मांजर पकडून हाताने चाचपलं आणि मग त्याच्याकडे निरखून पाहिलं. मला हा प्रसंग फार आवडला. पाठ पक्का करणारा विद्यार्थी!

असं का होतं, हे कळायला विसावं शतक उजाडलं. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाची एक पापणी पहिले काही महिने शिवून बंद ठेवली. नंतर उघडली तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी त्याला दादच देईनात. मोठ्या मांजराची पापणी तशीच शिवली, तर असं काही झालं नाही. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं. हे प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मी आठवीत होतो. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर बहुधा लहानपणापासूनच जास्त होता, आणि चष्मा लागला तो बीएला असताना! धूसर चित्राचा मेंदूने तोवर नाद सोडला होता.

नवजात बाळाला जेमतेम वीतभर अंतरावरचं नीट दिसतं, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईचा चेहरा. पुढे काही महिन्यांत रंग, मग दोन्ही डोळे मिळून खोली कळते. चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होतं, म्हणून तर आपण जवळच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो. साठीनंतर मोतीबिंदू. भिंग बदलता येतं हो, पण बालपण कुठून आणणार?

तरी दार पुरतं बंद होत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणारे पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' प्रकल्पात जन्मापासून न दिसणाऱ्या भारतातल्या मुलांवर उपचार घडवून आणले. २०११ साली आठ ते सतरा वयाच्या अशा पाच मुलांना मॉलिनोंचाच प्रश्न घातला. स्पर्शाने ओळखलेली वस्तू त्यांना लगेच नजरेने ओळखता येईना. काही दिवसांत मात्र येऊ लागली.

हे वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. नोकरीत असताना फळ्यावरचं उतरवून न घेणाऱ्या किती मुलांना मी 'आळशी' म्हणालो असेन! त्यांतल्या एकालाही एक डोळा झाकून वाचायला सांगितलं नाही.

असो. नातू साडेतीन वर्षांचा आहे. सूनबाईंना सांगून त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घेतले. तुमच्या घरी लहान मूल असेल, तर एवढं कराच.