बळीचा बकरा: रने जिरार यांचा विचार आणि प्लेगची मुंबई

'बळीचा बकरा' म्हटलं की आपल्याकडे जत्रेत देवीपुढे कापला जाणारा बकरा डोळ्यांपुढे येतो. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात, बकरे दोन आहेत. एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक हात ठेवतो, लोकांची सगळी पापं त्याच्यावर लादतो आणि त्याला रानात सोडून दिलं जातं. दुसऱ्याचा दोष वाहणारा हा बकरा फ्रेंच विचारवंत रने जिरार (1923-2015) यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आहे.

जिरार यांचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाला काय हवं हे तो बहुतेक वेळा दुसऱ्याकडे बघून ठरवतो. शेजाऱ्याला हवं ते आपल्यालाही हवं होतं, मग दोघं एकमेकांचे स्पर्धक होतात. भांडण वाढलं की दोघं अधिकच एकसारखे वागू लागतात. समाजभर असं झालं की कोणीतरी एकाकडे बोट दाखवतो, बाकीचे त्याची नक्कल करतात आणि सगळ्यांचा राग एकाच माणसावर किंवा गटावर येतो. तो गेला की शांतता येते, म्हणून दोषी तोच होता अशी सगळ्यांची खात्री पटते.

1982 च्या 'बळीचा बकरा' याच विषयावरच्या पुस्तकाची सुरुवात जिरार प्लेगपासून करतात. 14 व्या शतकात युरोपात प्लेगने माणसं मरत होती आणि विहिरींत विष कालवल्याचा आरोप ठेवून ख्रिस्ती जमाव ज्यूंना मारत होते.

आर्थर रोडचं रुग्णालय

मुंबईत सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेग ओळखला. लवकरच महापालिकेने रुग्णांना सक्तीने हलवायला सुरुवात केली. घरं उघडून तपासणं, सामान जाळणं, माणसांना कुटुंबापासून तोडणं हे सगळं त्यात आलं. अफवाही पसरल्या. रुग्णालयात माणसं मारून त्यांच्या देहातून 'मोमियाई' नावाचं औषध काढतात, असं लोक म्हणत. त्याच महिन्यांत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलं होतं. चिडलेल्या राणीने माणसांची काळजं मागवली आहेत, अशीही बोलवा होती.

ऑक्टोबरअखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर (आजचं कस्तुरबा रुग्णालय) हल्ला केला. या जमावाला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. रुग्णालयात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. सरकार गरिबांची वस्ती आणि त्यांच्या सवयींना दोष देत होतं, गरीब सरकारी डॉक्टरांना. जिरार ज्यांना एकमेकांची प्रतिबिंबं झालेले प्रतिस्पर्धी म्हणतात, ते इथे दिसतात. एक फरक मात्र राहतो: बंदुका एकाच बाजूला होत्या. 1897 च्या साथरोग कायद्याने सक्तीला आणखी बळ दिलं. 9 मार्च 1898 ला मदनपुऱ्यात एका मुलीची तपासणी करू न दिल्यावरून दंगल उसळली आणि पोलिसांनी गोळीबार केला.

कैवारी

ख्रिस्ती विचाराचा संबंध इथे येतो. जिरार यांच्या मते पुराणकथा मारणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेल्या असतात, म्हणून त्यांत बळी खरोखरच दोषी दिसतो. येशूच्या मृत्यूची कथा शुभवर्तमानात बळीच्या बाजूने सांगितली आहे. सगळं राष्ट्र बुडण्यापेक्षा एक माणूस गेलेला बरा, हा हिशेब त्यात कयफा याजक उघड बोलून दाखवतो. आरोपीत दोष दिसत नसूनही पिलात गर्दीपुढे झुकतो. शेकोटीपाशी बसलेला पेत्रही आजूबाजूच्यांसारखाच होऊन आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणतो. सैतान या हिब्रू शब्दाचा अर्थ आरोप करणारा असाही होतो. त्याच्या विरुद्ध पवित्र आत्म्यासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द बचावाच्या वकिलाला लागू पडतो. मराठी बायबलने त्याला 'कैवारी' म्हटलं आहे, आणि यापेक्षा नेमका शब्द सापडणं कठीण आहे.

असा कैवार परळमधल्या एका माणसाला लागला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होती. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं. गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट मागे पडली. मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते दोषमुक्त ठरले. ज्यू अधिकाऱ्यावर खोटा आरोप ठेवल्याने फ्रान्समध्ये गाजलेल्या ड्रायफस प्रकरणाशी तेव्हाच याची तुलना झाली.

हाफकिन यांच्या प्रकरणात दगड मारणारा जमाव नव्हता. होती ती फाइल, आयोग आणि हात झटकणारे अधिकारी. जिरार यांच्या सिद्धांताची मर्यादा इथे कळते. गर्दीचा संसर्ग ते बारकाईने समजावतात, पण थंड डोक्याने चालणाऱ्या सरकारी यंत्रणेला तो ज्वर लागत नाही. तिला पिलातासारखा हात धुण्याचा विधी पुरतो. दुसरा आक्षेप जुना आहे: बळीची बाजू सांगणारा ग्रंथ हाती असूनही ख्रिस्ती समाजांनी शतकानुशतकं ज्यूंना बळी दिलं. जिरार ते मान्य करतात. त्यांच्या मते या लोकांनी स्वतःचाच ग्रंथ वाचला नव्हता. टीकाकारांना हे उत्तर फार सोयीचं वाटतं.

परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव 1925 मध्ये दिलं गेलं, तेव्हा ते हयात होते. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान इथे त्यांचं निधन झालं.