काळ्या चिखलातले चालते घर

लातूर जिल्ह्याच्या पूर्वेस, बालाघाटच्या उतरणीवर जळकोट हे तालुक्याचे गाव आहे. तालुका तसा नवा, १९९९ सालचा. परंतु मुलूख जुना. दक्षिणेस उदगीरचा किल्ला, उत्तरेस कंधारचा किल्ला, आणि मध्ये माळ, टेकड्या व काळ्या रानाच्या पट्ट्या. तिरू, लेंडी, मन्याड या येथील नद्या उन्हाळ्यात वाळूच्या रेघा असतात आणि पावसाळ्यात वाट अडवून बसतात. या मुलखात गावांच्या जोडीने तांड्यांची वस्ती आढळते. 'तांडा' या शब्दाचा आज अर्थ वस्ती असा होतो. तीनशे वर्षांपूर्वी मात्र त्याचा अर्थ अगदी उलट होता. जो एके ठिकाणी थांबत नाही तो तांडा. या अर्थांतराचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर तांड्याच्या प्रवासातील एक दिवस डोळ्यांपुढे आणावा लागेल.

प्रथम प्रश्न असा की, हजारो मण धान्य वाहून नेणाऱ्या या लोकांनी गाडी सोडून बैलाची पाठ का पत्करली? उत्तर पायाखालच्या मातीत आहे. दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेली ही माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी मिळताच फुगून लोण्यासारखी मऊ होते. तिच्यात गाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतले की चार बैल जुंपले तरी हलत नाही. खडीचे रस्ते नव्हते, नद्यांवर पूल नव्हते. अशा देशात चाकापेक्षा खूर अधिक विश्वासाचा होता. बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस लोंबणारी गोणी टाकली की तो पायवाटेने, घाटाने आणि नदीच्या उताराने सारखाच चालतो. शिवाय त्याच्या वैरणीला खर्च नाही. वाटेवरील गवत हेच त्याचे खाद्य. बंजाऱ्यांचा सारा व्यापार या फुकट चाऱ्यावर उभा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्या व्यापाराचा विस्तार परदेशी प्रवाशांनी नोंदून ठेवला आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्य वाहणारा एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते. बायकामुले आणि सारा संसार बरोबर असून त्यांची दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नसे, असे तो सांगतो. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिले. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ असे एकेक जिन्नस वाहणारे यांचे चार वर्ग त्याने वर्णिले असून, असा काफिला समोरून आला म्हणजे इतर वाटसरूंना दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, अशी तक्रारही केली आहे. एका बैलावर अडीच मण ओझे धरले तरी दहा हजार बैलांचे पंचवीस हजार मण, म्हणजे सुमारे नऊशे टन होतात.

आता तो दिवस. ज्येष्ठ संपत आला आहे, मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आहे, आणि चातुर्मासाच्या मुक्कामासाठी उंच माळ गाठण्याची तांड्याला घाई आहे. पहाटे नायकाचा हुकूम सुटतो. रात्री गोण्यांची थप्पी रचून केलेला कोट मोडला जातो. याच कोटाच्या आत गुरे आणि माणसे सुरक्षित झोपलेली असतात. पाले उतरतात, भांडी बांधली जातात. तान्ही मुले आयांच्या पाठीशी, थोडी मोठी बैलांवर. भिंगांची कांचोळी, घेरदार घागरा आणि दंडापर्यंत बांगड्या अशा वेषात स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीने बैल हाकतात. घर मागे राहात नाही; घरच चालू लागते.

सर्वांपुढे एक बैल मोकळ्या पाठीने चालतो. तो देवाच्या नावाने सोडलेला असतो. त्याच्या अंगावर तांबडे वस्त्र, गळ्यात पितळी घंटा व कवड्यांच्या माळा. दुखणेकरी माणूस त्याच्या पायाशी लोळण घेतो. संध्याकाळी थकून हा बैल जेथे बसेल, तेथेच तांड्याचा मुक्काम, असा रिवाज एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडच्या वृत्तांतात नमूद आहे. वरवर ही केवळ श्रद्धा दिसते. परंतु त्या बैलावर ओझे नसते हे लक्षात घेतले, म्हणजे त्यातील शहाणपण दिसून येते. ज्याच्या पाठीवर काहीच नाही तोही जेथे थकला, तेथून पुढे भारवाहू बैल हाकणे म्हणजे भांडवलच मारणे होय.

माळ संपून काळे रान लागले की चाल मंदावते. खुरांना मातीचे गोळे चिकटतात, बैल घसरतात. गोणी चिखलात पडली तर धान्याला मोड येणार, आणि मिठाची असली तर ते पाझरून जाणार. पुढे ओढा फुगलेला असला तर पाणी उतरेपर्यंत काठावर बसणे आले. सहा मैलांचा प्रवास दिवसभर पुरतो तो असा. सायंकाळी पुन्हा गोण्यांचा कोट, तीन दगडांची चूल, भाकरी, आणि पहाऱ्याला कुत्री. पाऊस स्थिरावला की चार महिने प्रवास बंद. माळावरच्या हिरव्या गवतावर बैल पुष्ट करणे हेच तेव्हाचे काम.

या चालत्या घरावर राज्यांचे भवितव्य अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शहाजहानच्या वेळी आसफखानाच्या दख्खन स्वारीत भंगी व जंगी या नायकांपाशी एक लक्ष ऐंशी हजार बैल होते, आणि त्यांना पाणी, गवत व गुन्ह्यांची माफी यांची सनद सुवर्णाक्षरांनी ताम्रपटावर मिळाली, अशी परंपरा सांगतात. १८०३ साली असईची लढाई जिंकणाऱ्या वेलस्लीच्या फौजेच्या धान्यपुरवठ्यातही बंजाऱ्यांचा मोठा भाग होता. रसदेचे मोल जळकोटच्या शेजारच्या उदगिरानेच शिकवावे, हाही योग आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये याच परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. अकरा महिन्यांनी तेच भाऊ पानिपतावर रसद तुटलेल्या, उपाशी सैन्यानिशी लढले.

पुढे हे चालते घर का थांबले? तलवारीने नव्हे, तर लोखंडी रुळाने. १८५३ मध्ये मुंबईहून पहिली आगगाडी सुटली. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेपर्यंत रूळ गेले. शतक संपता संपता हैदराबाद-मनमाड मार्ग नांदेडवरून धावू लागला. नऊशे टन धान्य जे दहा हजार बैल महिनोगणती वाहत, ते काही आगगाड्या दोन दिवसांत पोहोचवू लागल्या. त्यातच १८७८ च्या जंगल कायद्याने ब्रिटिश मुलखातील राखीव रानांत चराईचा हक्क आक्रसला, आणि फुकट चाऱ्यावरचे गणित कोसळले. १८७१ च्या कायद्याने तर फिरस्त्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय झाली. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ज्यांच्या भरवशावर फौजा पोसल्या, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले! तांडे माळावर स्थिरावले. पण चांगली काळी जमीन तोवर गावांच्या हाती गेली होती. तांड्यांच्या वाट्यास बहुधा मुरमाड उतार आला.

याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि एकाच समाजाला महाराष्ट्रात विमुक्त जाती, शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमाती व कर्नाटकात अनुसूचित जाती अशा तीन निरनिराळ्या यादींत स्थान आहे. तिन्ही राज्यांच्या सीमा जवळ येणाऱ्या या भागात सोयरीक सीमा ओलांडते, सवलत मात्र सीमेपाशी थांबते.

आणि प्रवास तरी खरोखर थांबला आहे काय? दिवाळीच्या सुमारास जळकोट परिसरातील तांड्यांतून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे ट्रकात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरतात: भांडी, सरपण, धान्य, कोंबड्या, आणि वर बसलेली मुले. मुकादमाची उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारची कोपी हेच त्यांचे घर. पूर्वीचा तांडा स्वतःचे बैल, स्वतःचा माल आणि स्वतःचा नायक घेऊन चालत असे. थकलेला बैल बसला की सारा काफिला थांबे. आजचा तांडा दुसऱ्याच्या वाहनातून, दुसऱ्याच्या कामावर जातो, आणि कोणी थकले म्हणून ट्रॉली थांबत नाही. शाळेच्या हजेरीपत्रकात त्या महिन्यांत काही नावांपुढे रिकाम्या जागा राहतात. तांड्यांचा इतिहास पुढे लिहिला जाईल, तेव्हा त्या रिकाम्या जागाही वाचाव्या लागतील.