ओढलेल्या चेहऱ्याचा इतिहास

"कानामागे कुणी चिमटे लावून ठेवलेत असं वाटतंय रे," मावशी म्हणाली. फेसलिफ्ट होऊन सहावा दिवस होता. घरात हे फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांना तिने 'दाढेचं ऑपरेशन' सांगितलं होतं. हसताना गाल ओढले जायचे, कानाची पाळी बधिर होती आणि तिचा एकच प्रश्न होता: हे असंच राहणार का? 'नॉर्मल आहे' एवढंच उत्तर तिला मिळालं होतं. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण 'नॉर्मल आहे' म्हटलं की मला 'का?' विचारायची सवय आहे. म्हणून वाचायला बसलो.

गोष्ट सुरू होते बर्लिनमध्ये. १९०१ साली युजेन हॉलेंडर या सर्जनने एका पोलिश उमराव घराण्यातल्या बाईंवर अशी शस्त्रक्रिया केली. केसांच्या कडेने आणि कानाजवळ कातडीचे तुकडे कापायचे, उरलेली कातडी ओढून शिवायची. त्याने याबद्दल लिहिलं ते मात्र बऱ्याच वर्षांनी. म्हणजे लपवाछपवी पहिल्यापासूनचीच.

उघडपणे बोलली ती पॅरिसची डॉ. सुझान नोएल. स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी ही बाई. वय चेहऱ्यावर दिसतं म्हणून नोकरी जाण्याची भीती असलेल्या बायका तिच्याकडे येत. १९२६ साली तिने सौंदर्य-शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच या शस्त्रक्रियेची 'सामाजिक भूमिका' होती. हे वाचताना मला मावशी आठवली. पन्नाशीनंतर तिला क्लायंट मीटिंगला बोलावणं हळूहळू बंद झालं होतं.

पण त्या काळच्या फेसलिफ्टमध्ये एक मूलभूत अडचण होती. सगळा भार कातडीवर होता, आणि कातडी भार पेलत नाही, ती सैल पडते. गंमत म्हणजे कातडी कशी ताणलेली असते याचा अभ्यास व्हिएन्नाच्या कार्ल लँगरने १८६१ मध्येच केला होता. मृतदेहाच्या कातडीला त्याने गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली. म्हणजे कातडी मुळातच ताणाखाली असते, तीही ठरावीक दिशेने. तिला आणखी ओढलं की काही महिन्यांत ती पुन्हा सैल व्हायची. फार जोरात ओढलं तर व्रण रुंद व्हायचे, कानाची पाळी खाली खेचली जायची. त्या काळात ताण हाच रिझल्ट होता; ताण गेला की पैसे गेले.

हे बदललं सत्तरच्या दशकात. १९७४ मध्ये स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी कातडीखालच्या थरासकट चेहरा उचलायची पद्धत मांडली. १९७६ मध्ये पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्या थराची नीट रचना दाखवली. त्याला 'स्मास' म्हणतात. चेहऱ्याच्या हावभावांच्या स्नायूंशी जोडलेला हा पडदा उचलून टाके घातले, की भार तो घेतो आणि कातडी वरून फारशी न ओढता बसवता येते.

मग मावशीला ताण का जाणवत होता? शस्त्रक्रियेत कातडी खालच्या थरापासून सुटी करतात. त्यात बारीक लसीकावाहिन्या तुटतात, पाणी साचतं, सूज येते. संवेदनेच्या बारीक नसाही दुखावतात, आणि बधिर कातडी जाड, ओढल्यासारखी वाटते. शिवाय भरून येणारी जखम काही काळ आकसते. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि पुढच्या काही आठवड्यांत बरीच उतरते. ताण आणि बधिरपणा कमी व्हायला काही महिने लागतात, व्रण पूर्ण मऊ व्हायला वर्षभरही लागू शकतं.

सगळंच 'नॉर्मल' नसतं, हेही तिला सांगितलं. एकाच बाजूला अचानक सूज आणि दुखणं वाढलं, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. हा धोका पहिल्या २४ तासांत जास्त. कातडी काळपट पडली, ताप आला किंवा तोंड एका बाजूला वाकडं दिसू लागलं, तरी वाट न पाहता सर्जनला फोन करायचा.

"म्हणजे ताण गेला तर ऑपरेशन वाया गेलं, असं नाही ना?" तिने विचारलं. खरी भीती ही होती तर.

"नाही गं. शंभर वर्षांपूर्वी तसं होतं."

तिसऱ्या महिन्यात ती मोकळी हसायला लागली. मग एक दिवस माझ्या आईला तिने खरं काय ते सांगून टाकलं. आई म्हणाली, "दाढ काढल्यावर दोन्ही कानांमागे टाके पडत नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं."