उचल कशासाठी

आजाने पहिली उचल घेतली ती लग्नासाठी. देज द्यायचं होतं, वऱ्हाडाला भात घालायचा होता, ताडी आणायची होती. सावकाराने पैसे दिले आणि ते फेडायला आजा, आणि त्याच्यामागून नवी नवरी आलेली आजी, दोघंही त्याच्या शेतावर राबले. अशा माणसाला ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत. कर्ज नेमकं किती होतं हे आजाला शेवटपर्यंत कळलं नाही. कागद सावकाराकडे, अंगठा ह्याचा. १९४५ साली तलासरी-डहाणूकडे वारल्यांनी लाल बावट्याखाली ही पद्धत मोडली. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलं आहे. आमच्या मोखाड्याच्या डोंगरात ते वारं उशिरा पोचलं, असं आजा सांगायचा.

आजी लग्नाचं कधी बोलायची नाही. ती सांगायची पावसाळ्याचं. आषाढात कणगी रिकामी झाली की कडू कंद उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून खायचे. तेव्हा उचल घ्यायची ती नाचणीसाठी, वरईसाठी. सरकारचं खावटी कर्ज पुढे आलं; त्याआधी दाणे मागायला सावकाराचंच दार होतं.

१९७६च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. उचल मात्र राहिली, फक्त देणारा बदलला. माझ्या वडिलांच्या पिढीत दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम पाड्यावर यायचा, पैसे हातावर ठेवायचा, आणि दिवाळी उरकली की अख्खं घर वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर. तिथे राहायला भोंगा म्हणजे झोपडी, आठवड्याला खर्ची, आणि पावसाच्या तोंडावर हिशोब. हिशोबात काही शिल्लक निघालं तर नशीब, नाहीतर पुढच्या वर्षीची बाकी. माझी बाराखडी अशाच एका भट्टीवर झाली, विधायक संसदेने चालवलेल्या भोंगाशाळेत. हाताला मातीच असायची, त्यामुळे अक्षरंही आम्ही आधी मातीतच काढली.

अशाच एका हिशोबातून धाकट्या काकाने टीव्ही आणला. ब्लॅक अँड व्हाइट, बॅटरीवर चालणारा. बॅटरी चार्ज करायला जव्हारला न्यायची. अँटेना बांबूला बांधून एक पोरगा कौलावर आणि दुसरा दारात: ‘आलं का?’ ‘नाही, मुंग्याच आहेत!’ पण टीव्हीवरच्या रामायणाची खरी आठवण त्याच्याही आधीची. १९८७ साली रविवारी सकाळी माणसं डोंगर उतरून मोखाड्याच्या बाजारातल्या एका दुकानापुढे बसायची. आजाही जायचा. त्याच्यासाठी त्या गोष्टीत नवं काही नव्हतं. आमच्याकडे मुखवट्यांचा बोहाडा होतो, फाल्गुन-चैत्रात, संबळ-सनईवर, रात्रभर. गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो. प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराण्याचा. मुखवटा घरात जपून ठेवायचा, बाहेर काढताना पूजा करायची. आजाने अरविंद त्रिवेदींचा रावण नीट पाहिला आणि घरी येऊन म्हणाला, ‘रावण चांगला आहे, पण त्याला अंगणात येता येत नाही.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. बोहाड्याच्या रात्री रावण तुमच्या पुढ्यात येऊन नाचतो, त्याच्या घामाचा वास येतो. हे आजाला टीव्हीत हवं होतं.

टीव्हीने गरिबाला बिघडवलं, नको त्या गोष्टींची हाव लावली, असं शहरातली माणसं फार सहज म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या घरात त्या डब्याने काय केलं ते मी आत्याकडून ऐकलं आहे. आत्या कधी शाळेत गेली नाही. सातच्या मराठी बातम्या सांगणारी बाई तिने पाहिली. कोणाकडे न बघता, न अडखळता, मुख्यमंत्र्यांचं नावही साधेपणाने घेणारी बाई. त्या रात्री आत्याने माझ्या वडिलांना सांगितलं, ‘हिला भट्टीवर न्यायची नाही.’ पुढच्या वर्षी मी आश्रमशाळेत होते.

पुढे अल्फा मराठी आलं, १९९९ साली. मग छत्रीवाल्या अँटेना आल्या. मालिकांमधली घरं मुंबईची. त्यात एकही बाई डोक्यावर हंडा घेऊन चालत नाही, नळ उघडते आणि पाणी येतं. आमच्याकडच्या बायका ते पाहत, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकरची वाट पाहत. मुंबईचं कितीतरी पाणी वैतरणेचं आहे. मध्य वैतरणा धरण तर मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याला उभं राहिलं. हे आत्याला मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, ‘म्हणून तर शिकायचं.’

माझं कॉलेज जव्हारला झालं, गोखले एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात. अनुदानित कॉलेज, फी कमी, वसतिगृह सरकारी. घरावर भार पडला तो एसटीचा, वह्यांचा, बऱ्या कपड्यांच्या एका जोडाचा. चुलतभावाची गोष्ट वेगळी. १९८३पासून राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना दार उघडलं आणि दोन हजारच्या दशकात डी.एड.ची कॉलेजं जिकडे तिकडे निघाली. मास्तर होणं म्हणजे पगार, पक्कं घर, गावात मान. भावाच्या फीसाठी काकाने दोन हंगामांची उचल एकदम घेतली. भाऊ पास झाला, आणि २०१२ साली शिक्षकभरती थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला वर्षं गेली, तोवर त्याचं लग्न झालं, पोरं झाली. आज तो भिवंडीच्या गोदामात माल मोजतो. उचल काका-काकूने फेडली, विटा पाडून.

फी माफ आहे, आदिवासींना सगळं फुकट मिळतं, असं ऐकलं की मला राग येतो. शिष्यवृत्ती आहे, स्वयम योजना आहे, हे खरं. पण प्रवेश जून-जुलैत घ्यायचा असतो, आणि पैसा खात्यात पडतो कधी दिवाळीनंतर, कधी वर्ष संपताना. खोलीचं भाडं आणि मेसवाला तोवर थांबत नाही. जात पडताळणीच्या खेपा, परीक्षेचे फॉर्म, नर्सिंगचा गणवेश ह्यांना माफी नाही. हप्ता वेळेवर आला असता तर कितीतरी पोरं दुसऱ्या वर्षात गळली नसती, हे मी माझ्या वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून सांगते.

२०२०च्या मार्चअखेरीस लॉकडाऊनमुळे भट्ट्या बंद पडल्या, माणसं मुलं खांद्यावर घेऊन चालत घरी आली. २८ मार्चला दूरदर्शनवर रामायण पुन्हा सुरू झालं. आजा तेव्हा नव्हता. आत्या होती, तिने ते नातवंडांसोबत पाहिलं. जुलैत सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. टीव्हीच शाळा झाला, वीज असेल तेव्हा. कॉलेजच्या पोरांना मात्र मोबाइल लागला, रेंजसाठी टेकडी चढावी लागली. त्या वर्षी पाड्यावर निम्म्याहून जास्त उचल मोबाइलसाठी घेतली गेली, असं मुकादमच मला म्हणाला. पुढे खावटी अनुदानाचे चार हजार आले, त्यातले दोन हजार रोख. तेही काहींनी रिचार्जला लावले.

भाची यंदा बारावीला आहे. तिला नर्सिंगला जायचं आहे. घरात बसून ठरलं ते असं: भट्टीवर कोणी जायचं नाही. वाडीत आम्ही मोगरा लावला आहे. पहाटे कळ्या खुडायच्या, पिशव्या भरायच्या, मिळेल त्या गाडीने दादरच्या फुलबाजारात पाठवायच्या. मोगऱ्याचा पैसा उन्हाळ्यात येतो, पावसाच्या आत, म्हणजे प्रवेशाच्या वेळेला हाताशी असतो. आत्याला डोळ्याने नीट दिसत नाही, तरी ती कळ्या खुडायला येते. मुकादमाला ह्या वर्षी दारातूनच चहा देऊन परत पाठवला.