चित्रकाराचा कृष्ण

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात मी ‘कल्पना’ पाहिला, तो उदय शंकर नाचताना कसे दिसत हे कळावे म्हणून. १९४८ चा हा चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला आणि नायकही तेच झाले. पाहताना जाणवत राहिले की हा माणूस क्षणभर थबकला, की पडद्यावर चित्र उभे राहते.

ते मुळात चित्रकारच. १९१८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९२० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. गुरूपुढे बसून नृत्याची तालीम घेतलेली नव्हती. तरीही विख्यात रशियन बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हा हिने भारतीय विषयावरच्या नृत्यनाट्यांसाठी त्यांना बोलावले. १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ती राधा झाली आणि हे कृष्ण. हा कृष्ण त्यांनी उभा केला तो शिल्पे आणि लघुचित्रे पाहून.

जाणकारांना हे खटकते. हे ना कथक, ना भरतनाट्यम. युरोपला रुचेल असा ‘पौर्वात्य’ देव, असा त्यांचा आक्षेप. तो मला खोटा वाटत नाही, पण अपुरा वाटतो. पाव्हलोव्हाची साथ सुटल्यावर उदय शंकरांना तोच कृष्ण आयुष्यभर मिरवता आला असता. त्यांनी तसे केले नाही. पुढे ‘इंद्र’, ‘कार्तिकेय’ अशा एकल रचनांत ते एकटे उभे राहिले. शेजारी राधा नाही, बॅलेचा ताफा नाही. देव दिसायचा तर तो केवळ हात, मान आणि खांदे यांतून. १९३० च्या सुमारास स्विस शिल्पकार आलिस बोनर यांच्याबरोबर त्यांनी भारतभर हिंडून मंदिरे आणि नृत्यपरंपरा पाहिल्या. पुढे शंकरन नंबुद्रींकडे कथकळीही शिकले. आपल्याकडे आधी गुरू, मग स्वतःची नजर. यांच्याकडे क्रम उलटा होता.

एकल नृत्याचे दुर्दैव असे, की नर्तक गेला की तेही जाते. उदय शंकर १९७७ मध्ये गेले. ‘कल्पना’ची प्रत पुण्याच्या संग्रहालयाने जपली; तिच्याच आधारे चित्रपटाचे पुनरुज्जीवन होऊन २०१२ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. ती रिळे नसती, तर त्यांच्याविषयीचे आक्षेप तेवढे आपल्यापाशी उरले असते. आता निदान पाहून भांडता येते.